कसेल त्याचा फोन

वस्तू जुनी केव्हा होते, हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना फारसा पडला नसावा. पातेल्याची कल्हई उडाली की ते जुने दिसे आणि कल्हईवाला दारात येऊन गेला की पुन्हा नवे होई. नांगराचा फाळ झिजे, तो लोहाराच्या भट्टीतून पुन्हा धारदार होऊन येई. झीज डोळ्यांना दिसत असे आणि तिच्यावरचा इलाज गावातच असे. गेल्या पंधरा वर्षांत मात्र आपल्या घराघरांत अशी एक वस्तू आली आहे, की जी न झिजताच जुनी होते. काच शाबूत, आवाज स्पष्ट, बॅटरी दिवसभर टिकते. आणि तरीही एके दिवशी ती आपल्याला कळवते, की यापुढे तुमच्यासाठी काही नवे येणार नाही. ही वस्तू म्हणजे स्मार्टफोन. तिचे म्हातारपण तिच्या देहात नसते, ते दूरच्या कुठल्यातरी कचेरीत ठरते. मग ज्या वस्तूचे आयुष्य दुसराच कोणी ठरवतो, तिचे आपण मालक आहोत असे म्हणता येईल का? प्रश्न वरवर तंत्रज्ञानाचा वाटतो. मुळात तो नीतीचा आहे.

उदाहरण घेऊनच बोलू. २०१३ सालच्या ऑक्टोबरअखेर गूगलने 'नेक्सस ५' हा फोन बाजारात आणला. बनवला होता एलजी कंपनीने. आपल्याकडे १६ जीबीच्या फोनची किंमत होती २८,९९९ रुपये. मध्यमवर्गीय नोकरदाराने विचार करूनच घ्यावी अशी ही वस्तू. आत अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती होती. पुढे ५ आली, ६ आली. २०१६च्या ऑगस्टमध्ये सातवी आवृत्ती निघाली, ती मात्र या फोनला मिळाली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सुरक्षेच्या अपडेटही थांबल्या. तीन वर्षांत फोनचा जाहीर अंत झाला. फोनला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. तो आपला रोज सकाळी गजर वाजवतच होता.

कोणी म्हणेल, अपडेट नाही मिळाली तर बिघडले कुठे? आहे तसा वापरावा. हे म्हणणे २०१५ पूर्वी बऱ्याच जणांना पटलेही असते. पण त्या वर्षीच्या जुलैमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघडकीला आला. नुसत्या एका चित्रसंदेशाच्या वाटेने परका माणूस फोनमध्ये शिरू शकतो, असे दिसून आले. तेव्हापासून गूगलने दर महिन्याला सुरक्षेची अपडेट काढायची प्रथा सुरू केली. २०१७च्या सप्टेंबरमध्ये ब्लूटूथच्या वाटेने शिरकाव करू देणारा 'ब्लूबोर्न' हा दोष जाहीर झाला. तोवर आपल्या नेक्ससच्या अपडेट बंद होऊन जवळजवळ वर्ष झाले होते. म्हणजे ज्याची अपडेट थांबली तो फोन जागच्या जागी राहत नाही. घराचे कुलूप तेच असते, पण त्याची किल्ली बनवण्याची कला मात्र गावभर पसरत जाते. तात्पर्य, 'आहे तसा वापरा' हा सल्ला वाटतो तितका साधा नाही.

कंपनीची बाजूही ऐकून घ्यायला हवी. एकतर्फी निकाल देणे शिक्षकाला शोभत नाही. फोनच्या पोटातली चिप एका कंपनीची, कॅमेऱ्याचा भाग दुसरीचा, त्यांना चालवणारे छोटे छोटे प्रोग्राम त्यांच्याच तिजोरीत बंद. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की या सगळ्यांनी मिळून तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. त्यातल्या एकाने हात वर केले की साखळी तुटते. शिवाय दहा वर्षांपूर्वी एकदाच घेतलेल्या पैशांत इंजिनिअरांचा पगार जन्मभर कसा निघणार? कोणत्याही कुंभाराने मडके कायम टिकेल अशी हमी दिलेली नाही. तेव्हा कंपनीने अनंतकाळ सेवा द्यावी, ही मागणी न्याय्य नव्हे. पण म्हणून तिने सेवा थांबवताना दाराला आपले कुलूप तसेच ठेवून जावे, हे तरी न्याय्य आहे काय? माझ्या मते प्रश्नाचे मर्म इथे आहे.

आपल्या सीमाभागातल्या शेतकरी घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. १९४८चा मुंबई कूळकायदा, पुढे कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून लागू झालेली भूसुधारणा, लँड ट्रिब्युनलपुढे भरलेला तो सात नंबरचा फॉर्म, हे शब्द आपल्यापैकी अनेकांच्या घरात अजून ऐकू येतात. 'कसेल त्याची जमीन' या तीन शब्दी न्यायामागचा विचार एवढाच होता, की कागदावर नाव कोणाचे आहे यापेक्षा मातीत हात कोणाचे आहेत हे महत्त्वाचे. जो बांध घालतो, शेणखत टाकतो, उन्हातान्हात उभा राहतो, त्याचा हक्क मोठा. फोनच्या बाबतीत आपली अवस्था मात्र विचित्र आहे. पावती आपल्या नावाची, पैसे पूर्ण भरलेले, आणि तरीही आपण कूळच. त्यातही मुदतीचे कूळ.

जगात काही माणसांनी ही मुदत मानायला नकार दिला. उबंटू ही संगणकाची मुक्त कार्यप्रणाली २००४ साली निघाली. आफ्रिकेतल्या ज्या शब्दावरून तिचे नाव आले, त्याचा अर्थ आपल्या 'माणुसकी'च्या फार जवळचा आहे. कॅनॉनिकल या कंपनीने २०१३ साली तिची फोनवर चालणारी आवृत्ती काढली, ती 'उबंटू टच'. २०१५ साली ती घेऊन एक फोन विक्रीलाही आला. पण धंदा जमला नाही आणि २०१७च्या एप्रिलमध्ये कंपनीने हे काम सोडून दिले. गंमत पाहा, सोडलेले फोन चालवणारी प्रणालीच सोडून दिली गेली. तिचे लेखन मुळात खुले होते म्हणून 'यूबीपोर्ट्स' या स्वयंसेवकांच्या गटाला ती उचलून घेता आली. त्यांनी सुरुवातीपासून सांभाळलेल्या फोनांत नेक्सस ५ होता. त्याच वर्षी 'पोस्टमार्केटओएस' हा दुसरा उद्योग सुरू झाला. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हे त्याने जाहीर केलेले उद्दिष्ट. या सगळ्या प्रणाली प्रायोगिक म्हणाव्यात अशा. म्हणजे चालतात, पण चालतीलच असे कोणी लिहून देत नाही.

२०२१ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी हा प्रयोग माझ्या मुलाच्या जुन्या नेक्ससवर केला. मदतीला शाळेचा एक माजी विद्यार्थी होता. तो आता संगणकाच्या क्षेत्रात आहे. प्रयोगाची रीत सांगतो, कारण तिच्या प्रत्येक पायरीवर एक नैतिक प्रश्न उभा आहे असे मला तेव्हाच वाटले. प्रथम फोनमधले फोटो, क्रमांक, कागदपत्रे संगणकावर उतरवून घ्यायची. मग आवाज कमी करण्याचे आणि चालू-बंदचे बटण एकत्र दाबून फोन चालू करायचा. मग बूटलोडर, म्हणजे फोन जागा होताना पहिल्याने चालणारा आणि 'आत कोण येईल' हे ठरवणारा द्वारपाल, याचे कुलूप काढायचे. इथे पडद्यावर एक सूचना येते. आतला सगळा मजकूर पुसला जाईल, वॉरंटी जाऊ शकते. पुढे जायचे का? उत्तर आपणच बटण दाबून द्यायचे. त्यानंतर संगणकाला केबल जोडून 'इन्स्टॉलर' चालवला, की तो नवी प्रणाली उतरवून फोनमध्ये भरतो. फोन बंद होऊन पुन्हा उठतो तो नव्या रूपात.

गीतेत देहाला वस्त्राची उपमा दिली आहे. आत्मा जीर्ण वस्त्र टाकतो आणि नवे घेतो. इथे ते उलट घडते. देह तोच आणि आत्मा नवा! मुलाने कोपऱ्यावर पाडलेला ओरखडा जागच्या जागी होता, आणि आत मात्र सर्वस्वी अनोळखी कोणी राहायला आले होते. फोन लागत होता, संदेश जात होते, वर्तमानपत्र वाचता येत होते. बँकेचे अ‍ॅप नव्हते, यूपीआय नव्हते, नेहमीचे व्हॉट्सअ‍ॅपही नव्हते. कारण ती सर्व अँड्रॉइडसाठी लिहिलेली. अपडेट घेण्याचे तीन मार्ग होते. एक स्थिर, एक प्रसिद्धीपूर्व चाचणीचा, आणि एक रोजच्या ताज्या कामाचा. जितके नवे हवे तितकी जोखीम अधिक, हा व्यवहार उघड सांगितलेला. मी स्थिर मार्ग निवडला. वयाचा परिणाम असेल.

आता जबाबदारीचा मुद्दा. मुक्त प्रणालींच्या मुळाशी एक परवाना आहे, जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८९ साली लिहिला. प्रोग्राम हवा तसा चालवा, उघडून अभ्यासा, बदला, इतरांना द्या, असे चार अधिकार तो देतो. इतके औदार्य दुसऱ्या कोणत्या खरेदीपत्रात सापडणार नाही. पण त्याच परवान्यात, ठळक अक्षरांत, आणखी एक कलम आहे. या वस्तूला कसलीही हमी नाही. बिघडली तर दुरुस्तीचा खर्च तुमचा. पुष्कळांना हे कलम म्हणजे अंग काढून घेणे वाटते. मला ते या सगळ्या व्यवहारातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. जो धनी सर्व किल्ल्या आपल्याकडे ठेवतो, त्याने हमी द्यायलाच हवी. जो सगळ्या किल्ल्या तुमच्या ओंजळीत टाकतो, त्याच्याकडे हमीही मागायची, हा लोभ झाला.

कूळकायद्याचा पुढचा अनुभवही असाच आहे. सातबारा किंवा पहाणीपत्रक नावावर झाले त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बांध फुटलेला दिसला, तेव्हा सांगायला जायला मालकाचा वाडा उरला नव्हता. विहिरीचा गाळ, सोसायटीचे कर्ज, शेजाऱ्याशी वाटेचा तंटा, सारे आता आपले. हक्काबरोबर एकटेपण आले. ज्यांनी हे एकटेपण ओळखून चार शेजाऱ्यांशी सहकार केला, त्यांची जमीन टिकली. ज्यांना केवळ कागद हवा होता, त्यांच्यापैकी कित्येकांची पुढे कुठे गेली हे आपण पाहिलेच आहे.

हे सारे मी पुस्तकी विचार म्हणून लिहिले नसते. पण माझ्या फोनची गोष्ट शाळेत पसरली, आणि एक दिवस यंत्रमागावर काम करणारे एक पालक भेटायला आले. लॉकडाऊनच्या काळात मुलीचे ऑनलाईन वर्ग त्यांनी त्यांच्या एकुलत्या एका जुन्या फोनवर भागवले होते. आता त्या फोनवर एक आवश्यक अ‍ॅप चालेना. दुकानदाराने सांगितले, नवा घ्या.

"चालतंय की सर हे," फोन माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "मग जुनं कसं झालं? तुमच्या फोनात घातलंय ते ह्यात घालून द्या."

मी त्यांना बसवून सगळे सांगितले. काय मिळेल आणि काय जाईल, दोन्ही. त्यांच्या फोनसाठी तयार आवृत्ती आहे की नाही हे आधी पाहावे लागेल, हेही सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारले.

"आणि बंद पडलं तर कुणाकडं यायचं? तुमच्याकडंच न्हवं?"

थोडा विचार करून पुन्हा तेच म्हणाले, "नको सर. पगाराचे पैसे ह्याच्यावरच येतात." आणि फोन खिशात घालून ते उठले.

त्यांचा निर्णय बरोबर होता. पण त्यांचा प्रश्न माझ्यापाशी राहिला. 'बंद पडलं तर कुणाकडं यायचं?' मालकीविषयी मी जे जे वाचले आहे, त्यात इतका नेमका प्रश्न मला आढळला नव्हता. आपण दोन भाषांच्या अंगणात वाढलेली माणसे. मराठीतला 'जबाबदारी' हा शब्द 'जबाब'वरून आलेला; जबाबदार म्हणजे जो उत्तर देतो, ज्याच्या दाराशी जाऊन विचारता येते तो. कन्नडमध्ये जबाबदारीला 'होणे' म्हणतात. 'हो' थोडा आखूड, एवढाच उच्चाराचा फरक. मराठी कानाला मात्र त्यात 'बनणे' ऐकू येते. हा दोन भाषांमधला योगायोग आहे, व्युत्पत्ती नव्हे. पण योगायोगही कधी कधी शिकवतो. मालक होणे म्हणजे 'होणे' पत्करणे. पावती मिळाली म्हणजे कोणी मालक होत नाही. वस्तू बिघडल्यावर उत्तर द्यायला उभा राहिला म्हणजे होतो.

या कसोटीवर प्रयोगशीलतेचीही परीक्षा घेता येते. स्वतःच्या फोनवर प्रयोग करणारा माणूस जोखीम आणि फळ दोन्ही एकाच पदरात घेतो; त्याला कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तोच प्रयोग दुसऱ्याच्या फोनवर, विशेषतः ज्याच्याकडे दुसरा फोन नाही त्याच्या फोनवर करताना न्याय बदलतो. तिथे कौतुक आपले होते आणि खोळंबा त्याचा होतो. तेव्हा आधी सगळे सांगावे, त्याने 'नको' म्हटले तर ते मान्य करावे, आणि 'हो' म्हटले तर पुढे बोलावेल तेव्हा जावे. शाळेकडे नंतर कोणी तीन जुने फोन आणून दिले. ते गरजू मुलांना वाटावेत अशी सूचना आली. आम्ही ते शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवले. तिथे मुले कुलूप उघडतात, प्रणाली भरतात, फसली तर पुन्हा भरतात. फसण्याचा खर्च तिथे शाळेचा आहे, कोणा विणकराच्या पगाराचा नाही.

सोडून देण्याची वेळ स्वयंसेवकांवरही येते, हे इथे नोंदवले पाहिजे. उबंटू टच तोवर २०१६ सालच्या उबंटूच्या पायावर उभी होती. तो पाया जुना झाला म्हणून २०२३च्या मार्चमध्ये २०२०च्या पायावरची नवी आवृत्ती निघाली. ती पहिल्याने मोजक्याच फोनांसाठी होती आणि त्यात नेक्सस ५ नव्हता. म्हणजे कंपनीने तीन वर्षांनी सोडलेला फोन या लोकांनी आणखी काही वर्षे चालवला, आणि मग त्यांचेही हात अपुरे पडले. मग दोघांत फरक काय राहिला? फरक आहे. स्वयंसेवकांनी काम थांबवले तेव्हा सगळे लिखाण, सगळी रेखाटने उघडी ठेवली. उद्या कोणाला त्या फोनवर जीव लावायचा असेल तर वाट मोकळी आहे. सोडणे अपरिहार्य असते. कुलूप लावून सोडणे अपरिहार्य नसते.

कायद्यालाही हळूहळू हे उमगू लागले आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या डिसेंबरमध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोबाईल आहेत. युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. फोनचे मॉडेल बाजारातून गेल्यावरही उत्पादकाच्या अपडेट किमान पाच वर्षे विनामूल्य मिळाव्यात, असे तो सांगतो. गूगलने २०२३ साली आणि सॅमसंगने २०२४ साली आपल्या वरच्या श्रेणीच्या नव्या फोनांना सात वर्षांचे वचन दिले. हे चांगलेच झाले. पण वर्षे वाढल्याने कुळाची मुदत वाढते, कूळपण संपत नाही. जाताना किल्ली द्या, एवढी साधी अट अजून कुठल्या दस्तात सर्वांसाठी लिहिलेली नाही. ती लिहिली जावी असे मागणे, हे ग्राहक म्हणून आपले काम आहे.

आणि माणूस म्हणून? घराच्या फडताळात पडलेला जुना फोन भंगारात देण्यापूर्वी एकदा हातात घ्यावा. तो मेला आहे, की कोणी तरी त्याला मेला म्हणून जाहीर केले आहे, हे पाहावे. अंगात हौस असेल, वेळ असेल आणि फसण्याची तयारी असेल, तर नवी प्रणाली भरून पाहावी. नसेल, तर तसे न करण्यातही कमीपणा नाही. त्या पालकांनी मला तेच दाखवून दिले. मात्र कोणी विचारले, 'हा कोणाचा?', तर 'माझा' म्हणण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. बंद पडला तर लोकांनी कुणाकडे यायचे? त्याचे उत्तर 'माझ्याकडे' असे निघाले, तर ती वस्तू खरोखर आपली. मग ती जमीन असो, शाळा असो, भाषा असो, की तीन वर्षांत म्हातारा ठरवलेला एखादा फोन.